बाहेरची हवा आगीची

नाना कुणाच्याही घरी गेले, की आधी खिशातून उदबत्ती काढत. ती पेटवून देवघराकडे न जाता उंबऱ्याशी उकिडवे बसत आणि धूर कुठे वळतो ते एकटक बघत राहत. नव्या माणसाला वाटे, काय भाविक गृहस्थ आहे! माझ्या आत्याने तर पहिल्या भेटीत त्यांना हातच जोडले होते. नानांचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. धूर बघून झाला की ते निकाल देत, "तुमनी हवा बठ्ठी न्हाणीमा जास." सगळी हवा न्हाणीत जाते, असा. आणि धूर न वळता सरळ वर गेला, तर मान हलवून म्हणत, "हाई खोली मरेल शे." म्हणजे ही खोली मेलेली आहे. एखाद्याच्या नव्या घरात, वास्तुशांतीच्या दिवशी, पंगत बसलेली असताना हे वाक्य कानावर पडलं की यजमानांचा चेहरा कसा होत असेल, ते सांगायला नको.

जळगावात आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीला लागून होतं. नाना मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. उभा जन्म इथल्या पाइपांच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला, पण बोली त्यांनी सोडली नाही. साहेबाशीही अहिराणीतच बोलत, असं ऐकलंय. गल्लीत त्यांना 'हवावाले नाना' म्हणत. पोस्टमनसुद्धा तेच नाव विचारत यायचा. त्यांना डावी भुवई नव्हती. जाळात डोकावून बघायच्या नादात ती जी गेली, ती पुन्हा धड उगवलीच नाही. लग्नकार्याला जायचं असलं की त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, त्यांना समोर बसवून काजळाने भुवई काढून देत. नाना तेवढा वेळ अगदी गुणी मुलासारखे डोळे मिटून बसत.

त्यांच्या घरात शेगड्या अठरा होत्या. मी एकदा मोजल्या होत्या. तेलाच्या डब्यांच्या, पिंपांच्या, कारखान्यातून आणलेल्या पाइपांच्या तुकड्यांच्या. त्यातली एकही कधी पूर्ण झालेली नसे, त्यामुळे अक्का चहा करायला आमच्या गॅसवर येत. "अठरा सवती शेतीस मन्या," शेगड्यांना आपल्या सवती म्हणत, हसत, आणि हसता हसता खोकत. तो खोकला त्यांना पहिल्या बाळंतपणात लागला होता. खेड्यातली बंद खोली, खाटेखाली गोवऱ्यांचा आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचा शेक, सव्वा महिना धूर. डोळे आणि छाती दोन्ही त्या खोलीत गेली. अठरा शेगड्यांचं मूळ तिथे होतं. "चुली बठ्ठा बनाडतस," नाना म्हणत, "सरकार बनाडस, कॉलेजवाला बनाडतस. बाळंतीणनी शेगडी कोणी बनाडी?"

कुणीच बनवली नव्हती, हे खरं. आमच्याकडे घरोघरी गॅस आला, मोबाइल आले, पण बाळंतिणीला शेक हवा तो निखाऱ्याचाच. विजेच्या हीटरची ऊब अंगात मुरत नाही, यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांचं एकमत. माझी आईही त्यातलीच.

नानांचं एक लाडकं वाक्य होतं. कुणी चुलीत लाकडावर लाकूड कोंबताना दिसलं की ते कळवळून म्हणत, "आगले पोट नही वं, नाक शे!" मी शाळेत होते तेव्हापासून त्यांच्याकडे जाऊन बसत असे, कारण त्यांना चित्र काढता येत नसे आणि मला येई. ते बोटाने हवेत दाखवत, मी आलेखाच्या कागदावर उतरवत असे. एका डब्यात दुसरा डबा. दोन्हींच्या मधल्या पोकळीतून हवा वर चढते, चढताना तापते, आणि वरच्या कडेच्या बारीक भोकांतून आत शिरते. खालच्या जाळातून सुटलेला धूर तिथे तिला भेटतो आणि स्वतःच पेटतो. "धूर म्हणजे काय? न जळेल लाकूड," ते सांगत. पहिल्यांदा वरच्या भोकांशी निळ्या ज्वाळांची कडी धरली, तेव्हा त्यांनी अक्कांना हाका मारून बोलावलं. अक्का आल्या, वाकल्या, आणि म्हणाल्या, "हं. आते चहा ठेवू का हाईवर?" मी पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले, लग्न होऊन धुळ्याला गेले, तिथल्याच शाळेत लागले. ज्वलन शिकवायला लागले की मुलांना नानांचीच शेगडी काढून दाखवत असे.

मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले, तेव्हा नानांची एकोणिसावी शेगडी तयार होती. ती त्यांनी पूर्ण केली होती, कारण ती माझ्यासाठी होती. पिंपाची, झाकणाची, चिमणी खिडकीतून बाहेर काढलेली. पण त्यांची खरी करामत भिंतीत होती. बाळंतिणीची खोली म्हणजे वारं लागू नये म्हणून फटीफटीत चिंध्या कोंबलेली. तिथे आग श्वास कुठून घेणार? म्हणून त्यांनी बाबांची परवानगी काढून जमिनीलगत भिंतीला वीतभर भोक पाडलं आणि शेगडीचं तोंड त्याच्यासमोर बसवलं. "खोलीमधली हवा लेकरूनी," ते म्हणाले, "बाहेरनी हवा आगनी. दोन्हीस्ना झगडा नको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाई भोक बुजजो नको, पोरी." मी हसून म्हटलं, "नाना, हे मला सांगता? चित्र कुणी काढलंय?"

मुलगी झाली. दहा दिवस शेगडी अशी चालली, की आईसारखी आईसुद्धा तोंडभर कौतुक करू लागली. धुराचा मागमूस नाही, खोली उबदार. नाना रोज सकाळी दाराबाहेर उभे राहून विचारत, "लेकरू शिंकस का?" नाही म्हटलं की खूश होऊन जात.

अकराव्या दिवशी आभाळ भरून आलं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, म्हणून आई-बाबा बाजारात गेले. न्हाणं झालं होतं, मी बाळाला घेऊन पडले होते, दार ओढून घेतलेलं. जाळ उतरला होता आणि बाहेर वारा सुटला होता. शेगडी आणि भिंत यांच्यात बोटभर फट होती, तिच्यातून तो गार वारा आत यायला लागला. मी हात लावून पाहिला. तो बाळाच्या टाळूपर्यंत पोचत होता. मी आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा केला, खाली वाकले आणि ते भोक बुजवलं. विज्ञानाच्या शिक्षिकेने बुजवलं. मनात एवढंच होतं, की जरा डोळा लागू दे, उठल्यावर काढते.

अक्का डिंकाचे लाडू घेऊन आल्या, म्हणून मी तरी वाचले. त्यांची हाक ऐकून नाना धावत आले आणि तापलेली शेगडी उघड्या हातांनी ओढत अंगणात नेली. त्यांच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली. बोळा त्याच ओढाओढीत निखाऱ्यांवर पडून जळला असावा, कारण पुढे तो कुणालाच दिसला नाही. मला दवाखान्यात शुद्ध आली. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा गॅस. त्याला धूर नसतो, वास नसतो. एवढ्याशा जिवाला तेवढा पुरे होतो. तिचं नाव ठेवायचं राहिलं.

सासूबाई धुळ्याहून आल्या. माझ्या उशाशी बसून त्यांनी एकच विचारलं, "शेगडी कोणाची होती?" मी म्हटलं, "शेजारच्या नानांची." त्यात खोटं काहीच नव्हतं.

बाबांनी त्याच आठवड्यात भोक सिमेंटने लिंपलं आणि नानांशी बोलणं टाकलं. आईने अक्कांचा चहा बंद केला. गल्लीत जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. नाना कुणालाही उलट बोलले नाहीत. हात बरे झाल्यावर त्यांनी ती शेगडी घरात नेली, स्वतःच्या भिंतीला तसंच वीतभर भोक पाडलं, फटींत चिंध्या कोंबल्या आणि ती पेटवून स्वतः आत बसायला लागले. चूक सापडत नव्हती ना! अक्का दाराबाहेर पाटावर बसत आणि थोड्या थोड्या वेळाने विचारत, "अहो, शे ना?" आहात ना, एवढंच. आतून आवाज येई, "शे, शे." असे दोन हिवाळे गेले. त्यांना काही होत नसे. होणार कसं? त्यांचं भोक उघडं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात मी माहेरी आले होते. दुपारी तांदूळ निवडत बसले होते आणि भिंतीपलीकडून ते ऐकू येत होतं. "अहो, शे ना?" खोकला. "शे, शे." पुन्हा खोकला. सगळी दुपार. माणूस किती दिवस भित्रा राहू शकतो, याचाही काही अंत असतो. मी ताट बाजूला ठेवलं, मागच्या दाराने त्यांच्याकडे गेले, दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "नाना, शेगडीत चूक नव्हती. भोक मी बुजवलं होतं."

मला वाटलं होतं, ते सुटतील. रागावतील, शिव्या देतील, कदाचित रडतील, पण सुटतील. त्यासाठीच तर मी गेले होते. नानांनी हळूच विचारलं, "का बुजं?"

"गार वारा येत होता. तिच्या टाळूला लागत होता."

त्यांनी वाकून भिंतीतल्या भोकासमोर तळहात धरला. मग म्हणाले, "सापडनी. मनी चूक सापडनी."

"नाना, तुमची कशी? मी सांगतेय ना, मी बुजवलं!"

"तुले बठ्ठं माहीत व्हतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि ते मला फार लागलं. "चित्र तुनं, शिकेल तू. तरी तू बुजं. मंग ज्याले माहीत नही, ती माय काय करी? थंडीमा माय भोक बुजसच. हाई माले समजाले पाहिजे व्हतं." मग म्हणाले, "हाई शेगडी कोणलेच देता येवाव नही."

त्यांनी उठून पाण्याचा तांब्या शेगडीत ओतला. मोठा चर्र आवाज झाला आणि खोली धुराने भरली. नाना धुळ्याकडून कामाला आले तेव्हापासून त्यांच्या घरात एवढा धूर झाला नसेल. बाहेरून अक्का ओरडल्या, "अहो, शे ना?" नानांनी उत्तर दिलं नाही. मीच म्हटलं, "आहेत, अक्का."

त्या आठवड्यात एकोणीसच्या एकोणीस शेगड्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेल्या. आलेखाचे कागदही गेले. मी ते मागू शकले असते, पण मागितले नाहीत. नानांनी माझं नाव कुणालाही सांगितलं नाही, अक्कांनासुद्धा. ते ओट्यावर बसून असत. अक्का सवयीने स्वयंपाकघरातून "शे ना?" म्हणत, ते गप्प राहत, आणि मग अक्कांना उठून बघायला यावं लागे. पुढच्या उन्हाळ्यात एकदा त्या अशाच बघायला आल्या, तेव्हा नाना गेलेले होते.

त्यांच्या दारी मोजकी माणसं जमली. बाबा गेले नाहीत. मी गेले, बायकांमध्ये बसले. कुणीतरी कुजबुजलं, लेकराचा जीव घेतला होता ना त्या डब्याने, ते भोवलं. तोंड उघडायला त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. अक्कांनी माझा हात हातात घेतला होता. त्या नानांबद्दल म्हणाल्या, "तुले मरेपर्यंत याद करेत, माय." मी खाली मान घालून बसले आणि लोकांना वाटलं, मी रडतेय.

अजूनही थंडीत माहेरी गेले, की मी त्या खोलीत जाते. बाबांनी लिंपलेलं सिमेंट बाकीच्या भिंतीशी कधी जुळलं नाही. वीतभर डाग वेगळा दिसतो. तिथे खाली बसून मी उदबत्ती लावते. परवा बाबा दारात आले आणि म्हणाले, "अगं, देवापुढे लाव की. तिथे भिंतीशी काय लावतेस?" मी नानांसारखी उकिडवी बसून धूर बघत होते. धूर सरळ वर जात होता.