दुखण्याच्या गोळीची गिऱ्हाइकं

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. सर्दीचं गिऱ्हाईक औषध घेतं आणि जातं. दुखण्याच्या गोळीचं गिऱ्हाईक मात्र काउंटरला कोपर टेकतं, आणि कुठे दुखतं ते सांगता सांगता घरचं सगळं सांगून जातं. असे किस्से साठतच जातात. गोळ्यांना निदान एक्स्पायरी तरी असते!

*

लछमनशेठ उल्हासनगरचे कापडाचे व्यापारी. दर्शनाला आले की माझ्याकडे थांबतात.

"बहेनजी, वो लाल वाली गोली दो."

"शेठ, लाल गोळ्या ढीगभर आहेत. नाव काय तिचं?"

"नाव कोण ध्यानात ठेवतो? ती खाल्ली की मला गुडघा आहे हेच मी विसरतो."

"बरं, डॉक्टरांची चिठ्ठी?"

शेठनी खिसे चाचपले. "देखा? कितनी पावरफुल गोली है. चिठ्ठी पण विसरलो."

*

महाडिक एमआयडीसीत फिटर आहेत. एकदा त्यांनी दोन रिकाम्या पट्ट्या काउंटरवर ठेवल्या.

"ही कंबरेची, ही मानेची. दोन्ही द्या."

कंपन्या वेगळ्या, आतलं औषध एकच, डायक्लोफिनॅक. म्हणजे माणूस रोज डबल डोस घेत होता, आणि वर तक्रार, "हल्ली पोटात फार जळजळतं."

मी दोन्ही पट्ट्यांवरचं बारीक नाव त्यांना वाचायला लावलं. त्यांनी वाचलं, पटलंही. पण चेहऱ्यावरची काळजी जाईना.

"मॅडम, मग एकाच गोळीला कसं कळणार, आज मानेकडे वळायचं की कंबरेकडे?"

मी महाडिकांनाच आधी डॉक्टरांकडे वळवलं.

*

बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरून कमळीबाय येतात. भाताची लावणी झाली की त्यांची कंबर धरते. यंदा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. मी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "उपाशीपोटी घ्यायची नाही हं."

"आज माझा सोमवार हाय. गोली उपासाला चालतं का?"

"गोळी चालते, मावशी. पण आधी पोटात काहीतरी जायला हवं. नाहीतर पोट बिघडेल."

कमळीबायनी जरा विचार केला.

"म्हंजे उपास करायचा, पन उपाशी नाय ऱ्हायाचा. समजला. आमच्या सुनंचा उपास असाच असतं."

*

दत्ताकाका आणि सुलभाकाकू दोघंच राहतात. मुलगी लग्न होऊन बदलापूरला, कुळगावात. काका सकाळी दूध घेऊन जाताना थांबायचे. "हिचे गुडघे धरलेत. दुखण्याची गोळी दे." काकू संध्याकाळी भाजी घेऊन यायच्या. "ह्यांचे गुडघे फार दुखतात गं. गोळी दे, आणि मी नेल्याचं त्यांना बोलू नकोस."

दोघांनाही बीपीच्या गोळ्या चालू. त्यात ही गोळी रोज पोटात गेली तर बीपी वाढतं, किडनीलाही धोका. मला धास्ती वाटायला लागली. शेवटी मी हात आखडला. काकांना सांगितलं, "शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकूंना तपासल्याशिवाय गोळी मिळणार नाही. पेशंटला घेऊन या." काकूंनाही तेच. काका रागावले. काकू तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग एका सकाळी दोघं बरोबर आले. समोरचा रस्ता ओलांडताना मी बघत होते. दोघांचाही हात आपापल्या गुडघ्यावर.

काउंटरला टेकत काका म्हणाले, "घे, आणलंय पेशंटला."

त्याच वेळी काकू म्हणाल्या, "आणलंय गं पेशंटला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मी स्टूल पुढे सरकवलं.

"तू बस," काका म्हणाले.

"तुम्ही बसा," काकू म्हणाल्या.

डॉक्टर येईपर्यंत स्टूल रिकामंच होतं.