अठराच्या वर

ऑर्फाच्या आईच्या कबरीवर माहेरचंच आडनाव होतं, आणि सत्तरी उलटली तरी ऑर्फाला ते सलायचं. शाळेत पोरं तिला ‘रानातलं शिंगरू’ म्हणत. बापाचा पत्ता नसलेल्या पोराला केंटकीच्या त्या डोंगरांत असंच म्हणतात. बाप, आर्लिस गॅबर्ड, ती आईच्या पोटात असतानाच कोळशाच्या खाणीत दबून मेला. आजोबांनी मरेपर्यंत एकच पालुपद लावलं: लग्नबिग्न काही नाही, पोरगी पळून गेली होती. आता चर्चमागचं कबरस्थान सांभाळणारा मामेभाऊ एस्टिल म्हणे, "दगड बदलू की. पण लग्नाचा कागद आण."

कागदापायी ऑर्फाने काउंटीच्या कचेरीचे उंबरे झिजवले. तिथल्या विल्मा टॅकेटने लग्नांची जुनी दप्तरं इतक्यांदा उघडून दाखवली, की आता दोघी दुपारी एकाच डब्यातला मक्याचा पाव खात.

"मिस ऑर्फा, डोळे फुटतील तुमचे," विल्मा म्हणाली. "हेन्सली-गॅबर्ड लग्न इथं नाहीच. आई कधी काही बोलली नव्हती का हो?"

"तिचं काय घेऊन बसलीस! म्हातारपणी भ्रमच झाला होता तिला. लग्नाचं विचारलं की म्हणायची, ‘मी अठरावर उभी राहून लग्न केलं. खोटं नाही बोलले.’ अठरावर कुणी उभं राहतं का गं?"

विल्मा पोट धरून हसली. "अहो, माझ्या आजीनं पण तेच केलं! चिठ्ठीवर अठरा लिहायचं, बुटात घालायचं. कारकुनानं वय विचारलं की छाती पुढं काढून सांगायचं, ‘मी अठराच्या वर आहे.’ शपथ पण मोडत नाही! तुमची आई तेव्हा कितीची?"

"सोळाची."

"मग इथं कशाला येईल? इथं तर शेंबड्या पोरालाही तिचं वय ठाऊक. हद्दीपलीकडं बघू, टेनेसीत."

विल्माने स्वतःच्या गाडीतून तिला नेलं. पलीकडच्या कचेरीत ती दोघं सापडली: आर्लिस गॅबर्ड, डेल्फिया हेन्सली, वय अठरा. तारीख ऑर्फाच्या जन्माच्या आदल्या वर्षाची. आईच्या सहीवरून बोट फिरवता फिरवता ऑर्फा हमसून रडली. आई सगळं सांगत होती, तिनेच ऐकलं नव्हतं.

एस्टिलने नकलेचा कागद डोळ्यांजवळ धरला. "वय अठरा? आत्या तर सोळाची होती. म्हणजे खोटाच की हा!"

"खोटा कसा? अठराच्या वरच होती ती. मध्ये फक्त मोजा होता."

एस्टिलला ओ की ठो कळलं नाही, पण त्याने दगड घडवून आणला. तो रोवण्याआधी ऑर्फाने घडी केलेली एक चिठ्ठी खड्ड्यात टाकली.

"काय गं टाकलंस?" एस्टिलने विचारलं.

"आईचं वय," ती म्हणाली.

मग त्यावर दगड उभा राहिला: डेल्फिया गॅबर्ड.