वन्सं शाळेला निघाल्या

विधवा बाईचा हेवा करणारी सवाशीण कुणी बघितली नसेल. मी केला. बरीच वर्षं केला.

त्या माझ्या धाकट्या नणंद, वयानं माझ्याच जोडीच्या. लग्न होऊन आजऱ्याला गेल्या आणि दोन पावसाळ्यांत कपाळ पुसून कोल्हापुरात माहेरी परत आल्या. मामंजींची नोकरी महाराजांच्या पागेत. दरबारात पोरीबाळींना शिकवायचं वारं होतं, ते त्यांना आधी लागलं. एका संध्याकाळी पटका खुंटीला अडकवत ते म्हणाले, "पोरगी उद्यापासनं शाळंत जाणार."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, लोक काय म्हणतील?"

"लोक तिला जन्मभर जेवाय घालणार हायत व्हय?"

विषय तिथंच संपला. मी चुलीपुढं होते. लहानपणी भावाच्या पाटीवर अक्षरं गिरवायचे ती मी. बाराखडीच्या अर्ध्यातच माझं लग्न लागलं. हौस माझी, आणि शाळा त्यांना.

धीर करून मी ह्यांना विचारलं, "वन्संच्या सोबतीला मी बी जाऊ का?"

हे हसले. "तुला काय कमी हाय? नवरा हाय, घर हाय. तिचं नशीब फुटलं म्हणून शिकाय लागतंय तिला."

त्यानंतर रोज सकाळी त्यांची भाकरी मी फडक्यात बांधून द्यायचे आणि त्या वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहायचे. संध्याकाळी त्या सोप्यात बसून कविता घोकायच्या. अडल्या की पुढची ओळ मला आधी आठवायची. मी ती मनातल्या मनात म्हणायचे आणि पीठ जास्तच जोरात मळायचे.

त्या शिकल्या, मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्या. पुढं मास्तरणी तयार करायच्या वर्गावर त्यांची नेमणूक झाली. समोर विधवा आली म्हणून जी माणसं पाऊल मागं घ्यायची, तीच आता "या बाई" म्हणून वाट द्यायला लागली. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवायचं नाही. पण सभेत त्या उभ्या राहिल्या की हळदीकुंकवाच्याच बायका माना उंच करून ऐकायच्या. पोरींची लग्नं लवकर करू नका, विधवेला कोपऱ्यात बसवू नका, असं त्या खणखणीत आवाजात सांगायच्या. माझी लेक वेणी घालून घ्यायलासुद्धा त्यांच्याकडं जायची. "मी आत्तीसारखी होणार," म्हणायची. माझ्यासारखं व्हावं असं तिला कधी वाटलं नाही.

शेजारी एक तांबट राहायचा. बायकोला मारायचा. भिंतीपलीकडनं तिला बोलावून तिच्या जखमांवर हळद दाबायची मी. एका दुपारी ती रक्तानं भिजलेलं डोकं घेऊन आमच्या दारात आली. मी हळदीचा डबा घेऊन धावले, तर माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "बाई कुठं हायत?"

डबा हातात तसाच राहिला.

वन्सं आतनं आल्या. तिला बघितलं आणि मला म्हणाल्या, "वैनी, चला. साक्ष तुम्हीच द्यायची. तुम्ही बघितलंय."

आम्ही तिघी कचेरीत गेलो. तिथला अंमलदार पानाची पिचकारी टाकून म्हणाला, "घरातलं भांडण घरात मिटवा की."

"घरात मिटत न्हाय म्हणून तर महाराजांनी कायदा केलाय," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही वाचला नसंल तर मी वाचून दाखवू?"

तो सावरून बसला. मी जे बघितलं होतं ते सगळं सांगितलं. सांगताना आवाज कापला नाही, ह्याचं माझं मलाच नवल वाटलं. मग त्यानं कागद पुढं सरकवला. वन्संनी झरझर सही केली. माझ्यापुढं शाई आली. "अंगठा उठवा."

तांबटाला सक्त ताकीद मिळाली. ती बाई गगनबावड्याला भावाकडं गेली आणि परत आली नाही. पण त्या दिवशी कचेरीतनं बाहेर पडताना माझ्या मनात तिचा विचारही नव्हता. पदराला अंगठा पुसत होते, शाई निघत नव्हती. रस्त्यातच माझ्या जिभेचा तोल सुटला.

"सगळं तुम्हालाच मिळालं, वन्सं. शाळा, मान, माझी लेकसुद्धा."

त्या थांबल्या. "माझा नवरा मेला, वैनी."

"ठावं हाय. तरीबी."

त्या रडतील नाहीतर चिडतील, असं मला वाटलं. त्यांनी माझा शाईचा अंगठा हातात धरून बघितला. मग म्हणाल्या, "दुपारी मी बायकांचा वाचायचा वर्ग घेते. उद्या या."

"हे सोडतील व्हय?"

"दादाला मी बघते."

दादाशी त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी हे जेवून उठले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "जायचं तर जा."

वर्गात माझ्या निम्म्या वयाच्या पोरी होत्या. वन्संनी फळ्यावर शब्द लिहिले. लेकीच्या पुस्तकात चोरून डोकावत वाचायपुरती अक्षरं मी जमवली होती, लिहायचं तेवढं राहिलं होतं. मी सगळ्यांच्या आधी वाचले, एकही न चुकता. त्यांनी मान हलवली, आणि माझ्या शेजारी अडखळत वाचणाऱ्या जैनाच्या पोरीला म्हणाल्या, "शाब्बास!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी पुढचा धडा पाठ केला, त्याच्या पुढचाही केला. दुसऱ्या दिवशी दुपारी चूल सारवायची तशीच टाकून निघाले आणि वर्गाचं दार उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले.