लाकडाला हात

जैनथला माहेरी माझ्या तान्ह्या लेकीला बघायला शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आल्या आणि ‘काय गुटगुटीत आहे!’ म्हणाल्या. आईचा चेहराच उतरला. तेवढ्यात बाईंनी ‘टच वुड’ म्हणत दाराच्या चौकटीला हात लावला.

‘हे काऊन?’ आईनं मला दरडावून विचारलं.

झाडात देव राहतो असं पूर्वी तिकडे इंग्रजांच्या देशात मानायचे म्हणे. कौतुक केलं की लाकडाला हात लावायचा, म्हणजे नजर लागत नाही, असं मी सांगितलं.

‘मंजे त्यायलेबी लागते!’ आई खुलली. तरी तिनं लेकीवरून मीठ-मिरच्या उतरवल्या, वर बाईंवरूनही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिरच्या चुलीत पडल्या. ठसका आला नाही तर नजर लागली समजायचं. आम्ही तर खोकून बेजार.

आईचा जीव भांड्यात पडला. ‘खोका, पोरींनो, खोका! कोणालेच नाही लागली.’