दारातल्या अक्का
स्पिरिटचा वास आला की मला धुळ्याची ती तापलेली गल्ली आठवते. नव्वदच्या दशकात मी नर्स म्हणून तिथल्या धंदा करणाऱ्या बायकांचं रक्त एड्सच्या तपासणीसाठी घ्यायला गेले, तेव्हा सगळ्या घाबरून आत पळाल्या. सर्वांत वयस्कर अक्कांनी मात्र हात पुढे केला. तपासणीचा निकाल आल्यावर त्यांना बाजूला घेऊन मी सांगितलं, लागण झालीय. आतल्या बायकांकडे हात करत त्या म्हणाल्या, "मनं व्हयनं ते व्हयनं, पन ह्या बठ्ठ्यासले मी वाचाडसू." त्या संध्याकाळपासून बाकीच्या सगळ्यांना वाचवायला अक्का घराच्या दारातच बसू लागल्या. निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत, "मंग घर जाय, भाऊ." गिऱ्हाईक तुटलं, तरी त्या हलल्या नाहीत. अक्कांना जाऊन आता खूप वर्षं झाली. त्या घरातल्या दोघीजणी अजून मला भेटायला येतात, अगदी धडधाकट.