एकतिसाव्या भागाच्या पुढे

चिनी मालिकांमधल्या बायका जेवत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. समोर दहा वाट्या मांडलेल्या असतात, वाफा निघत असतात, नायिका दोन काड्यांनी भाताचं शीत उचलते आणि तेवढ्यात बाहेरून कोणीतरी निरोप घेऊन धावत येतं. काड्या खाली. पुढच्या प्रसंगात बाई घोड्यावर. तो सगळा स्वयंपाक मग कोण खातं, हे साठ भागांत कोणी सांगत नाही.

बाकीचंही मला फारसं पटतं असं नाही. नायिकेने केस वर बांधून पुरुषी झगा घातला की तिचा सख्खा बाप तिला ओळखत नाही. आमच्या अकोल्यात तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवरून जाणारी पोरगी कोणाच्या घरची, हे पानठेल्यावरचा माणूस न विचारता सांगतो. शिवाय तिकडे मरणाला काही किंमत नाही. कड्यावरून पडलेला मरत नाही, विष प्यायलेला मरत नाही. छातीत तलवार गेली तर ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक रेघ येते आणि पुढच्या भागात माणूस काढा पीत बसलेला असतो. चुकून मेलाच, तर पुढच्या जन्मी तोच चेहरा घेऊन परत येतो.

या तक्रारी मी माझ्या धाकट्या बहिणीपाशी करायचे. ती अमरावतीला, मी अकोल्याला. माझ्या नवऱ्याचं औषधाचं दुकान आहे, दुपारी तो जेवून झोपतो. तिचा नवरा बँकेत, मुलगी कॉलेजात, सासू दुपारची आतल्या खोलीत लवंडलेली. उन्हाळ्यातली वऱ्हाडातली दुपार कशी असते ते काय सांगायचं, कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. त्या वेळात आम्ही दोघी मालिका पाहायचो. फोन चालू ठेवायचा, "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि दोन गावांत एकदम मालिका सुरू करायची. हे खूळ तिचंच. हिंदीत डब केलेलं असायचं, त्यामुळे स्वर्गातले देवही दिल्लीच्या दुकानदारासारखे बोलायचे. चिनी नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून नायकाचं नाव आम्ही "बर्फ" ठेवलं होतं. दुसरा नायक, जो नेहमी पहिल्यापेक्षा चांगला असतो आणि ज्याच्या हाताला काही लागत नाही, तो "बिचारा".

तिचं इंटरनेट माझ्यापेक्षा चांगलं होतं. माझ्या पडद्यावर नायिका अजून पायरी चढत असायची आणि फोनमधून हिचं हसू यायचं. "काहून हासून राह्यली? काय झालं?" मी विचारायचे. "पाह्य नं तू," ती म्हणायची. मला राग यायचा. तिने काही आधी पाहिलं की मला सहन होत नसे, म्हणून एक नियमच केला होता, एकमेकींना सोडून पुढे पाहायचं नाही.

अंदाज मात्र तिचे कायम चुकायचे. ती प्रत्येक मालिकेत म्हणायची, शेवट गोड होईल. या मालिकांचे पहिले दहा भाग हसवतात आणि शेवटचे दहा सगळं वसूल करतात, हे मी तिला किती वेळा सांगितलं. तिला पटायचं नाही.

मग तिला कॅन्सर झाला. दवाखाना अमरावतीतच होता. मालिका आम्ही तिथेही चालू ठेवली, हिमशिखरावरच्या वैद्याची शिष्या आणि बर्फ यांची. पण त्या शेवटच्या काही आठवड्यांत मी काय पाहत होते, ते मला आठवत नाही. मी घरातला कूलर बंद करून फोन कानाला लावायचे आणि तिचा श्वास ऐकायचे. एक गेला की पुढचा येईपर्यंत पडद्यावर कोण कोणाला मारतंय, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

एकतिसाव्या भागात आम्ही थांबलो. नायिका एका पडक्या महालाच्या दारासमोर उभी राहते, दाराला हात लावते, आणि भाग संपतो. "आज थकवा आला, उद्या पाहू," बहीण म्हणाली. ते उद्या काही आलं नाही. पुढचे पंधरा-वीस दिवस आम्ही नुसतंच फोनवर बोललो. एकदा ती म्हणाली, "ताई, मले वाटते बर्फ आता काही परत येत नाई. पन ती शेवटी जेवते, पाह्यजो तू."

मी म्हटलं, "तिकडच्या बाया कधी जेवल्या वं आजलोक?"

ती हसली आणि तिला खोकला आला.

ती गेली तेव्हा मी रडले नाही. अमरावतीला पोचले, तिला पाहिलं, आणि मनात आलं ते एवढंच की दूध गॅसवर ठेवून आलेय का. बायका माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. कोणीतरी म्हणालं, धक्का बसलाय, रडवा तिला. पण रडायला आतून काहीतरी यावं लागतं, माझ्या आत काही नव्हतं. मनाचा दगड झाला होता म्हणायलाही जागा नाही, दगडाला निदान वजन असतं. घरी परतले, भाकरी केल्या, दुकानात बसले, गोळ्यांच्या पट्ट्या कापून दिल्या. वर्षश्राद्धालाही तसंच. मालिका फोनमध्ये तिथेच होती, नायिका दाराला हात लावून उभी. मी पुढे गेले नाही. नियम नियम असतो. आणि खरं सांगायचं तर ते दार बंद होतं तोवर आमची मालिका अजून चालू होती.

यंदा पितृपक्षात तिच्या सासरी तिची पहिली अविधवा नवमी होती. नवरा असताना गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी एक सवाष्ण बोलावतात. तिला तिच्या नावाने पाटावर बसवून जेवू घालतात, आणि ती उठेपर्यंत घरातलं कोणी तोंडात घास घालत नाही. मी सकाळच्या एसटीने गेले, मूर्तिजापूरपर्यंत उभी, पुढे जागा मिळाली. जाऊन पाहते तर घरात पळापळ. बोलावलेल्या शेजारणीला पहाटेच सुतक लागलं होतं.

"आता ऐन टायमावर कोन भेटते?" बहिणीची सासू म्हणाली. "नवमीले साऱ्या सवाष्णी बुक असतात. मांगच्या गल्लीतली तर दोन घरी जेवून रायली." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तूच बस वं बाई."

माहेरची माणसं बसत नाहीत असं आमच्याकडे म्हणतात. मी तसं म्हटलंसुद्धा. "तुले दुसरी दिसते का कोनी?" म्हातारी म्हणाली आणि पाट मांडला.

भाचीने माझे पाय धुतले, कुंकू लावलं, ओटी भरली. ताटात वडे, कढी, खीर, गवारीच्या शेंगा, कोहळ्याची भाजी. समोर बहिणीचा फोटो. सगळे भिंतीला टेकून उपाशी बसले होते, दोघं तर गोळ्या घेणारे. मी घास केला, तोंडात घातला आणि तो गिळता येईना. दुसरा ताटातच ठेवला. मला वाईट वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं. ताटातून वाफा निघत होत्या आणि मी नुसती बघत बसले होते.

"जेव नं माय," म्हातारी म्हणाली. "तुह्यासाठी नाई, तिच्यासाठी जेव."

भाची कढीचं पातेलं घेऊन माझ्यासमोर बसली होती. हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या चिनी मालिकेतल्या बाईसारख्याच बसल्या. दार उघडते, आत ताट वाढलेलं असते, आन् ती किती वेळ पाहतच राहते."

मी म्हटलं, "कोणतं दार?"

तिच्या हातातली पळी थांबली. मग तिने सांगितलं. आईने दवाखान्यात ती मालिका पूर्ण पाहिली होती. रोज दोन-दोन भाग, मोबाइल भाचीने धरायचा. एकतिसाव्याच्या पुढे, अगदी शेवटापर्यंत.

"मला सोडून?"

"मी म्हटलं होतं तिले, मावशीले बोलाव. तर म्हने, नको. ताई आता मालिका पाहतच नाई, माहा श्वास आयकत बसते. तिले सांगू नको, ती चिडते."

मी चिडलेच. असा राग मला वर्षभरात कशाचाच आला नव्हता, डॉक्टरचा नाही, देवाचा नाही. लबाड कुठली. सगळं पाहून मला म्हणते, मला वाटते ती जेवते. जन्मात एक अंदाज बरोबर आला नाही, आणि हा आला तो पाहून आलेला. आमच्या दुपारी संपत आल्या हे तिला माहीत होतं आणि मला तिने कळू दिलं नाही. या वेळीही तिला आधी दिसलं आणि मी मागे राहिले.

"मग?" मी भाचीला विचारलं. "जेवते का ती?"

"जेवते," भाची म्हणाली. "सगळं. रडत रडत, पन जेवते. आई म्हने, पहा, आता कसं बरं वाटलं."

माझ्या डोळ्यांतून पाणी कढीत पडायला लागलं. मी पदर लावला नाही. वडा मोडला, कढीत बुडवला आणि खाल्ला. मग शेंगांची भाजी. मग खीर.

बऱ्याच वेळाने म्हातारीने रीतीप्रमाणे विचारलं, "पोट भरलं का वं, बाई?" पाटावरच्या बाईने यावर हो म्हणायचं असतं, की ती उठली, आणि जिच्या नावाने बसली ती पुढच्या वर्षापर्यंत गेली.

"नाही," मी म्हटलं. "अजून एक वडा वाढा."

सगळ्यांना भूक लागली होती. मी सावकाश जेवले.