बाळंतिणीचा विस्तव

आमच्या मुलखात बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव कुणी नेत नसे. आजच्या पोरींना हे सांगितलं की त्या हसतात. हसा खुशाल. घरात बाळंतपणाचं सोयर असलं की त्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्या घरचा विस्तव आपल्या चुलीत घालायचा नाही, असा रिवाज होता. आणि घरच्यांनीही तो बाहेर द्यायचा नाही. दिला तर त्याबरोबर पोराच्या अंगातली ऊब निघून जाते म्हणायचे. शेणव्याला, माझ्या माहेरी, एक नवी सून चुकून अशा घरी विस्तव मागायला निघाली होती, तर बायकांनी तिला अर्ध्या वाटेवरून परत फिरवली. एरवी शेजारून विस्तव आणणं ही रोजचीच गोष्ट. काडेपेटी घरात असली तरी ती देवाजवळ जपून ठेवायची, उगाच काडी ओढली तर बोलणी बसायची.

मी सांगते ते दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतलं. रॉकेल मिळत नव्हतं, काडेपेट्या कल्याणहून निघायच्या आणि आमच्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. माझं सासर मुरबाडहून वैशाखऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला, काळू नदीच्या काठी. मला पहिल्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नागपंचमी झाली की भाऊ गाडी घेऊन न्यायला येणार होता. त्याच्या आधी नदी आली.

घाटावर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. एके सकाळी खालच्या आळीत पाणी शिरलं आणि दुपारच्या आत आमच्या अंगणात आलं. पुरुषांनी ठरवलं, सगळ्यांनी वर रस्त्याला जायचं. तिथं उंचावर लाकडा-कोळशाची एक लांबलचक वखार होती. मग काय धांदल! कुणी भांडी उचलतंय, कुणी कोंबड्या, कुणी तांदळाचं गाठोडं. माझा नवरा गुरं घेऊन माळावर गेला. आणि माझ्या सासूबाई चुलीपुढं बसून मडक्यात विस्तव भरत होत्या. सासरे ओरडले, अगो पितळेची भांडी घे, निखारे कसले घेतेस. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. विस्तवावर राख टाकली, राखेवर शेणी रचल्या, मडकं गोणपाटात गुंडाळलं आणि डोक्यावर घेऊन वरून इरलं पांघरलं. इरल्यातून धूर निघत होता. पोरं म्हणत होती, म्हातारी पेटली बघा.

हसणाऱ्यांना माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. सासूबाईंची पहिली दोन पोरं पाचवीच्या आत गेली होती, दोन्ही पावसाळ्यात, दोन्ही गारठून. सुनेचे दिवस भरत आलेत आणि घराबाहेर पडायचंय म्हटल्यावर त्या माउलीला दुसरं काही सुचलंच नाही.

चढावर मला कळा सुरू झाल्या. तिन्हीसांजेला वखारीच्या कोपऱ्यात, एक घोंगडी आडवी बांधून, मी बाळंत झाले. सासूबाईच सुईण झाल्या. मुलगा, पण दिवसांआधी आलेला, एवढासा, हाताला हाडंच लागायची. राखणदाराची बाज मिळाली. बाजेखाली घमेल्यात विस्तव ठेवला, ओव्याची धुरी केली, तेव्हा कुठं पोराच्या अंगात धग आली. सासूबाई घमेल्याजवळून हलायला तयार नव्हत्या.

आता वखारवाल्याचं सांगते. तो आमच्याच गावचा, आमच्याच पंगतीला बसणारा. वखारीचं दार त्यानं एक छदाम न घेता उघडलं, हे मी आजही कबूल करते. पण सकाळ झाली तशी त्यानं माळ्यावरून काडेपेट्यांचा खोका काढला. सगळ्यांच्या काड्यांचा भिजून लगदा झाला होता. गाठोड्यांत तांदूळ होते, पण पेटवायला काही नव्हतं, आणि पोरं रात्रीपासून उपाशी. पहिल्या घरानं एका काडेपेटीला पितळेचा तांब्या दिला, आणि वर त्याची अट, पेटवलेला विस्तव दुसऱ्याला द्यायचा नाही. दुसऱ्या बाईला काडेपेटी दाखवताना त्याची नजर तिच्या हातातल्या चांदीच्या गोठांवर होती. जीभ मात्र मेल्याची गोड. म्हणे माल येत नाही, नदी उतरेपर्यंत येणार नाही, ज्याला परवडेल त्यानं घ्यावं, मी कुणावर जबरदस्ती करत नाही. घोंगडीआडून मला सगळं ऐकू येत होतं, आणि माझं डोकं तापत होतं.

तेवढ्यात लहान लहान पोरांचा बाप असलेला एक कुळवाडी घोंगडीकडं बघून हळूच म्हणाला, आत विस्तव आहे की. वखारवालाच बोलला.

"सोयराचा इस्तव चुलीत घालशील?" तो म्हणाला. "आन् त्या पोराचं काय? अंगात जीव तरी हाय का त्याच्या?"

कसा बोलला बघा! माझ्या पोराची काळजी त्याला नव्हती, खोक्याची होती. पण बोलला ते सगळ्यांच्याच मनातलं. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पोर माझ्या कुशीत होतं, त्याचा श्वास मी हातानं चाचपत होते. पण बाहेर कुणाचं तरी पोर भात, भात असा धोशा लावून रडत होतं, आणि ते रडणं मला ऐकवेना.

एका दिवसाच्या बाळंतिणीनं पुरुषांच्या कानावर जाईल असं बोलायचं नसतं. मी बोलले. "आत्याबाई, द्या इस्तव. माझं पोर उबेला आन् बाकीची उपाशी, हे मला नको."

सासूबाईंनी पोराच्या अंगाला एकदा हात लावून पाहिला. मग उठल्या, खापरीवर चांगले लाल निखारे घेतले आणि ती घोंगडीबाहेर ठेवली. ठेवली खरी, पण उचलायला कुणी पुढं येईना. वखारवाला खोक्यावर हात ठेवून आरामात बसला होता.

गावात एक म्हातारी विधवा होती. तिच्याइतकं सोवळं गावात कुणी पाळत नसे. बाळंतिणीच्या दारावरून जायचं तर ती वाट बदलायची. आम्ही सुना तिला चळचळा कापायचो. घर सोडताना तिनं फक्त देवांचे टाक घेतले होते, फडक्यात बांधून कमरेला खोचलेले. ती उठली, काठी टेकत आली, वाकली आणि खापरी उचलली.

"माजे देव कालपासून भिजलेत रे," ती म्हणाली. "त्यांनाबी शेक पायजे."

बस्स. मग जी रीघ लागली! खापऱ्या, पळ्या, करवंट्या, जे हाताला येईल ते घेऊन बायका आल्या. वखारवाल्याच्या लाकडाला कुणी हात लावला नाही, पुरुषांनी गाड्यांच्या तट्ट्या फोडल्या, मोडक्या टोपल्या आणल्या. वखारीच्या पडवीत तीन-तीन दगडांच्या चुली मांडल्या, आणि बघता बघता एवढा धूर झाला की सगळे खोकायला लागले. दुपारी वखारवाल्यानं भाव उतरवला. कुणी विचारायलाही गेलं नाही. मला पहिला मऊ भात आला तो कुणाच्या चुलीवरचा हे मी विचारलंच नाही. त्या गावची सून म्हणून मी पुढं जन्मभर मान ताठ ठेवली, ती त्या दिवसापासून.

पण गोष्ट इथं संपत नाही. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. वखारीची कौलं सरकली आणि आमच्या कोपऱ्यात पाण्याची धारच लागली. ती नेमकी बाजेखाली. घमेल्यात चर्र झालं आणि विस्तव विझला. उरलेल्या शेणी भिजल्या. थोड्याच वेळात पोराचे ओठ काळेनिळे दिसायला लागले. छातीशी लावलं तर ओढेना. डोळे उघडेना.

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला न सांगता कळलं. विस्तव बाहेर गेला, ऊब गेली. त्यांची दोन गेली होती, आता हे तिसरं. त्या एवढंसं जरी बोलल्या असत्या तरी मी जन्मभर मनात धरलं असतं. पण त्या बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही, पुढं कधी भांडणातसुद्धा नाही. माझ्या सासूचा मला किती अभिमान आहे ते या एका गोष्टीवरून समजा.

त्यांनी घोंगडी बाजूला केली आणि नुसतं म्हणाल्या, "इझला गो."

बायकांनी चुलीवरची भांडी उतरवली. अर्धा शिजलेला भात तसाच खाली ठेवला आणि आपापल्या चुलीतले निखारे घेऊन आल्या. दोघा-तिघांनी बाज उचलून कोरड्यात नेली. घमेलं काठोकाठ भरलं, आणखी एक मडकं लागलं. सोयर, विटाळ, कुणाच्या तोंडी शब्द नव्हता. पण पोर तसंच थंड.

तेव्हा ती सोवळी म्हातारी माझ्या बाजेवर येऊन बसली आणि हात पुढं केले. सासूबाई गडबडल्या. म्हणाल्या, अहो, तुम्हाला विटाळ होईल, दहा दिवस देवाला शिवता यायचं नाही.

"न्हायाला नदी दारात आलीय," म्हातारी म्हणाली. "पोर आण हिकडं."

तिनं पोराला उघडं करून आपल्या उघड्या छातीशी धरलं, वरून लुगड्याचा पदर गुंडाळला आणि निखाऱ्यांच्या धगीत बसली. बायका भोवती उभ्या होत्या. मी देवाचं नावसुद्धा घेत नव्हते, नुसती त्या पदराकडं बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग पदरात काहीतरी हललं. म्हातारीनं आत वाकून पाहिलं. तिला हसताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. पोर तिच्या सुकलेल्या छातीला तोंड लावून चुटूचुटू ओढत होतं.

"घे गो तुजं," ती हसत हसत म्हणाली. "याला भूक लागली."